आधी पत्ता शोध, घर नंतर

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा २७ वर्षांचा, नागपूरचा, नरेंद्र नगरात आईवडिलांसोबत राहतो. मिहानमधल्या एका कंपनीत चार वर्षं काम केलं, आता जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी लागलीये, १ ऑक्टोबरला जॉइन व्हायचंय. दोन महिन्यांपासून इथूनच ऑनलाइन घर शोधतोय, साठेक मेसेज टाकले, उत्तरं आली तीन, त्यातल्या दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याचं घर शहराच्या मधोमध, दोन खोल्या, फर्निश्ड, सगळं धरून ६५० युरो महिना. मालक म्हणतो मी डॉक्टर आहे, सध्या नॉर्वेत असतो, १९५० युरो डिपॉझिट पाठवलं की चावी कुरिअरने येईल, आणि आणखी तिघं लाइनीत आहेत तेव्हा लवकर सांगा. बाबा सोमवारी बँकेत जाऊन एफडी मोडायला तयार आहेत. दुसरा पर्याय म्हणजे मित्राच्या चुलत भावाचा फ्लॅट, चार भारतीय मुलं दोन खोल्यांत राहतात, पाचवा चालेल म्हणाले पण नाव लावता येणार नाही. आई म्हणते घर पक्कं झाल्याशिवाय विमानात बसायचं नाही. फेब्रुवारीत लग्न आहे, सासरचे विचारून राहिलेत की मुलगी येईल तर राहील कुठे. त्याचे प्रश्न दोन: यातलं काय करू? आणि जर्मन लोक आपल्याला घर देतच नाहीत का?

तुला अरे-तुरे करते, माझ्या भाचीच्याच वयाचा आहेस.

बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल पण एवढं वाच. पैसे पाठवू नको. सोमवारी एफडी मोडायची नाही. तो डॉक्टर नाहीये आणि ते घर त्याचं नाहीये, आणि हे मी अंदाजाने नाही म्हणत, या फसवणुकीची रीत इतकी ठरलेली आहे की तुझ्या पत्रातली चार वाक्यं वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. मालक नेहमी परदेशात असतो, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर असतो, घर दाखवायला कोणी नसतं, चावी कुरिअरने येणार असते, भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी असतं आणि मागे कोणीतरी लाइनीत उभं असतंच. कधी पासपोर्टची कॉपीही पाठवतात, ती आधी फसलेल्या कोणाचीतरी असते. कधी एखाद्या नावाजलेल्या बुकिंग साइटसारखं दिसणारं पेज पाठवतात आणि पैसे तिथेच भरा म्हणतात, ते पेजही खोटंच असतं.

आणि एक बारीक गोष्ट बघ, त्याने १९५० मागितले म्हणजे बरोबर तीन महिन्यांचं भाडं. तू पत्रात लिहिलंस की जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांचंच असतं म्हणून तुला ते खरं वाटलं. अरे, त्याला माहितीये तू हे वाचलं असशील, म्हणूनच तो आकडा आहे. पण कायदा काय म्हणतो तर डिपॉझिट, तिकडे त्याला काउत्सिऑन म्हणतात, ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढं, म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे सोडून जे नुसतं भाडं असतं त्याच्या तिप्पट. याने तर सगळं धरून असलेल्या ६५० ची तिप्पट केलीये. शिवाय ते तीन समान हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता देणं लागतं ते भाडं सुरू होताना, घर न बघता आणि करार न करता नाही.

तुझे बाबा नागपुरात घर बघायला जातात तेव्हा काय करतात आठव. नळ सोडून बघतात, बाथरूमचा उतार बघतात, उन्हाळ्यात बोअरला पाणी राहतं का ते शेजाऱ्याला विचारतात, वरचा मजला असेल तर स्लॅब किती तापतो तेही विचारतात. इथे कोणी त्यांना म्हटलं असतं की मी पुण्याला आहे, दोन लाख पाठवा, चावी पोस्टाने येईल, तर त्यांनी फोनच ठेवून दिला असता. मग समोरचा इंग्रजीत लिहितो आणि नॉर्वेचं नाव घेतो म्हणून हीच माणसं एफडी मोडायला का तयार होतात? मला वाटतं पैशाच्या लोभाने नाही, भीतीने. पोरगं एवढ्या लांब चाललंय, डोक्यावर छप्पर नको का, या एका वाक्यापुढे शहाणी माणसं हतबल होतात. आईबापांची ही भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण फसवणारा नेमका तिथेच हात घालतो.

खात्री करायची असेल तर मित्राच्या त्या चुलत भावाला सांग, रविवारी त्या पत्त्यावर एक चक्कर मार आणि घंट्यांच्या पाटीवर या डॉक्टरचं नाव आहे का ते बघ. जाहिरातीतले फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघ, बरेचदा तेच फोटो दुसऱ्याच शहराच्या हॉटेलचे निघतात. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी पैसे पाठवून बसलं असेल तर लाजून गप्प राहू नका, लगेच आपल्या बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा, त्यात जितके तास जातात तितके पैसे हाताबाहेर जातात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुझ्या पत्रात "घर" हा शब्द बरेचदा आलाय. माझं म्हणणं एवढंच आहे की तुला आत्ता घर नकोय, पत्ता पाहिजे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकदम मिळवायला बघतोयस म्हणून हा सगळा घोळ होऊन राहिलाय.

पत्ता म्हणजे काय ते नीट सांगते. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन मी इथे राहतो अशी नोंद करावी लागते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाकडून हा माणूस माझ्याकडे राहायला आलाय असं सही केलेलं एक पत्र लागतं, त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पण आहे एकच पान. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही, हे पत्रच लागतं. ही नोंद झाली की काही आठवड्यांत पोस्टाने तुझा टॅक्स नंबर येतो, तो कंपनीला द्यायचा. वेळेत नाही दिला तर पगारातून सगळ्यात जास्त दराने टॅक्स कापला जाऊ शकतो, पुढे परत मिळतो पण सुरुवातीच्या महिन्यांतच हात आखडतो. बँकेचं खातं, रेसिडेन्स परमिट, उद्या बायकोला बोलवायचं असेल तर त्याचे कागद, सगळं या एका नोंदीला लटकलेलं आहे.

म्हणून त्या चार मुलांकडे पाचवा म्हणून जाऊ नको. मुलं वाईट आहेत असं नाही, आपली माणसं आहेत, पहिल्या रात्री वरणभात मिळेल, ते सुख मी समजू शकते. पण नाव लावता येणार नाही याचा अर्थ बहुतेक असा की मालकाला माहीतच नाहीये की आत किती जणं राहतात. उद्या मालकाने हरकत घेतली तर तुझ्या हातात कागद काहीच नाही. आणि याचीच दुसरी बाजू, तिकडे गेल्यावर कोणी म्हणेल की महिन्याला थोडे पैसे दे, माझ्या पत्त्यावर तुझं नाव लावून देतो, तू राहा कुठेही. हे तर अजिबात नको. न राहता नुसता पत्ता पुरवणं तिकडे बेकायदेशीर आहे, दंड ५०,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. तुझा परमिट नवा असताना हे लफडं गळ्यात घेऊ नको. चार-आठ दिवस पाहुणा म्हणून त्यांच्याकडे थांब, घरं बघायला जाताना त्यांच्यातल्या कोणाला सोबत घे, त्यांची खरी मदत तीच.

मग करायचं काय, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी नोंद करता येईल अशी तात्पुरती जागा घे. याची सुरुवात तुझ्या कंपनीच्या एचआरपासून होते आणि मला नवल वाटलं की एवढ्या मोठ्या पत्रात एचआरचा उल्लेखच नाही. संकोच वाटला असेल ना, आत्ताच नोकरी दिली आणि आता घरही मागतो म्हणतील. नाही म्हणत रे. बाहेरून माणूस बोलावणाऱ्या कंपन्यांना हे रोजचं आहे. उद्याच मेल टाक आणि त्यात चार गोष्टी सरळ विचार: सुरुवातीला राहायला तुम्ही काही जागा देता किंवा सुचवता का, तिथे आनमेल्डुंग होतं का, माझ्या नोकरीचं आणि पगाराचं पत्र जर्मनमधून द्याल का, आणि ऑफिसातल्या लोकांपर्यंत माझी घर पाहिजे ही जाहिरात पोचवाल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. चांगली घरं बरेचदा जाहिरातीत येतच नाहीत, कोणाचातरी सहकारी घर सोडत असतो आणि मालकाला म्हणतो माझ्या ओळखीचा एक आहे.

कंपनीने हात वर केले तर महिन्याच्या बोलीवर मिळणारी फर्निश्ड अपार्टमेंट असतात, नाहीतर कोणी काही महिन्यांसाठी बाहेरगावी जातं आणि आपली खोली तेवढ्यापुरती देतं, किंवा मग वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोली, किचन-बाथरूम सगळ्यांचं. कुठेही पहिला प्रश्न हाच की नोंद होते का. अशी जागा महाग पडेल, पडू दे. त्या दोन-तीन महिन्यांत तू शहर पायी बघशील, संध्याकाळी सातला ऑफिसातून निघालास तर कुठली लोकल भरून येते ते कळेल, आणि स्वतः जाऊन घरं बघता येतील, जे इथून साठ काय सहाशे मेसेज टाकूनही होणार नाही. तुझे मेसेज अनुत्तरित राहिले त्याचं एक मोठं कारण हेच आहे. जो माणूस उद्या घर बघायला येऊ शकत नाही त्याला मालक उत्तरच देत नाही, त्याच्या इनबॉक्समध्ये येऊ शकणारे पन्नास जण असतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. जर्मन लोक आपल्याला घर देतच नाहीत का. याचं उत्तर द्यायच्या आधी एक जुनी गोष्ट सांगते.

आमचा प्रताप नगरातला वरचा मजला आम्ही भाड्याने देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा विचारायला आला, मणिपूरचा, इथे शिकायला आलेला. चप्पल दाराबाहेर नीट जोडीने काढली, उन्हातून आला होता तर पाणी दिलं, प्यायला आणि ग्लास स्वतः उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. हिंदी तोडकंमोडकं बोलत होता. मी त्याला म्हटलं, आम्ही फॅमिलीलाच देतो. खरं तर त्याच्या आधीची दोन वर्षं वर दोन बॅचलर पोरंच राहत होती, वर्ध्याची. तो हो म्हणाला, थँक्यू आंटी म्हणाला आणि गेला. त्याचा तो ग्लास मी नंतर धुवायला घेतला तेव्हा मला वाटलं की हे बरोबर नाही केलं, पण तोवर तो गल्लीच्या टोकाला गेला होता आणि मी हाक मारली नाही. ते अजून टोचतं मला.

मला त्याचा राग नव्हता, त्याच्याबद्दल काही वाईट ऐकलंही नव्हतं. मला त्याची काही माहितीच नव्हती आणि माहिती करून घ्यायचे कष्ट मी घेतले नाहीत. वर्ध्याच्या पोरांचा मामा आमच्या ओळखीचा निघाला होता, भाडं थकलं तर कोणाला फोन लावायचा ते माहीत होतं. याचा मामा मला माहीत नव्हता, एवढंच.

तर स्टुटगार्टमधल्या त्या मालकीणबाईलाही तुझा मामा माहीत नाही. काही जण नाव बघूनच मेसेज मिटवतात हे खरं आहे, ते नाही असं सांगून तुझी समजूत काढणार नाही. वंश किंवा मूळ देश बघून घर नाकारणं तिकडे २००६ च्या कायद्याने चूक आहे, आणि कोणी तोंडावर किंवा लेखी तसं म्हटलं तर ते जपून ठेव, सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय फुकट सल्ला देतं. पण सगळेच नकार त्या पोत्यात घालू नको. स्टुटगार्टला घरांची टंचाई तिथल्या जर्मनांनाही आहे, नोकरी करणारी जर्मन जोडपीसुद्धा महिनोनमहिने शोधतात. आणि जर्मन लोक आपल्याला घर देतच नाहीत असं एकदा मनात धरलं की मेसेज लिहितानाही ते उतरतं, माणूस दोन ओळी टाकून मोकळा होतो. तू मला तुझा जो मेसेज पाठवलास त्यात आय अ‍ॅम इंटरेस्टेड, प्लीज रिप्लाय, एवढंच आहे. मीसुद्धा उत्तर दिलं नसतं.

तुझा मामा कागदावर उभा कर. तिकडे लोकांच्या पैशाच्या व्यवहाराची नोंद ठेवणारी शुफा नावाची संस्था आहे, घरमालक तिचा दाखला मागतात. तू नवा आहेस, तुझी नोंदच नसणार, तेव्हा त्याबद्दल गप्प बसण्यापेक्षा पहिल्याच मेसेजमध्ये सांगून टाक की मी नवीन येतोय, शुफा नाही, त्याऐवजी नोकरीचा करार आणि कंपनीचं पगाराचं पत्र दाखवतो. मेसेज जर्मनमध्ये लिही, मशीनने भाषांतर करून घेतलंस तरी चालेल पण जर्मन येणाऱ्या कोणाकडून एकदा वाचून घे. तू कोण, कुठे आणि काय काम करतोस, पगार किती, कधीपासून आणि किती दिवसांसाठी घर पाहिजे, सिगरेट ओढत नाहीस, फेब्रुवारीनंतर बायको येणार आहे. बायकोचं लपवू नको, नंतर कळलं की विश्वास जातो. घराच्या जाहिरातीतली एखादी गोष्ट उचल, बाल्कनी असो की बागेकडे उघडणारी खिडकी, म्हणजे कळतं की वाचून लिहिलंय. पासपोर्टची कॉपी मात्र घर बघायच्या आधी कोणालाही पाठवू नको.

जाहिराती वाचतानाही दोन-तीन गोष्टी डोक्यात ठेव. तिकडे खोल्या मोजताना किचन धरत नाहीत पण हॉल धरतात, म्हणजे दोन खोल्या म्हटलं की आपलं वन बीएचके, तू फिल्टरमध्ये तीन टाकून बसलायस म्हणजे टू बीएचके शोधतोयस. ४५ चौरस मीटर म्हणजे पावणेपाचशे फुटांच्या वर थोडं, दोघांना सुरुवातीला पुरतं. भाडं दोन प्रकारचं लिहितात, काल्ट म्हणजे नुसतं आणि वार्म म्हणजे हीटिंग आणि मेंटेनन्स धरून, वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतंच. ब्रोकर मालकाने लावला असेल तर त्याची फी मालकाने द्यायची, २०१५ पासून तसा कायदा आहे, तुझ्याकडे मागितली तर देऊ नको. दर घरामागे टीव्ही-रेडिओचे महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात, टीव्ही असो नसो. आणि सोडताना भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तेव्हा मोठ्या घराच्या मोहात पटकन सही करू नको.

आणि किचन. याची कल्पनाच नसते आपल्याला. माझी भाची नर्स आहे, स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका गावात असते, तिने पहिलं घर घेतलं तेव्हा आनंदाने व्हिडिओ कॉल लावला आणि किचन दाखवायला लागली तर नुसती रिकामी खोली, भिंतीतून पाण्याच्या दोन नळ्या आणि एक जाड वायर बाहेर आलेली, बस. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. तिकडे बरेच लोक घर सोडताना किचन काढून घेऊन जातात किंवा नव्या भाडेकरूला विकतात. ती बिचारी दीड महिना बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासत होती आणि जमिनीवर इंडक्शन ठेवून खिचडी करत होती. जाहिरातीत किचन सोबत आहे असं लिहिलंय का ते बघ, आणि आधीचा भाडेकरू विकत असेल तर किती मागतो ते आधीच विचार.

तिचीच दुसरी गोष्ट. टॅक्स नंबरचं पत्र येईना, येईना, शेवटी कळलं की लेटरबॉक्सवर अजून आधीच्या बाईचंच नाव होतं. तिकडे पोस्टमन नाव बघून टाकतो, फ्लॅट नंबर बरेचदा नसतोच, नाव नाही तर पत्र परत. हिने मग बॅगेतली चिकटपट्टी काढली, ती पांढरी, सलाइनची सुई बसवल्यावर लावतात ती, त्यावर बॉलपेनने आडनाव लिहिलं आणि घंटीवर एक, डब्यावर एक चिकटवलं. मी पुढच्या वर्षी गेले तिच्याकडे तेव्हा घंटीवर छापील पाटी आली होती पण डब्यावर ती पट्टी तशीच होती, कडा काळ्या पडलेल्या. तू चावी हातात पडली त्याच दिवशी हे कर.

घर मिळाल्यावर ते टिकवणंही आहे. तू जिथे चाललायस त्या श्वाबियन भागात केअरवोखे म्हणून प्रकार असतो, भाडेकरूंनी आळीपाळीने आठवडाभर जिना आणि दारापुढचं झाडायचं, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकवून जातात. आपल्याकडे जिना झाडायला बाई असते म्हणून आपल्या पोरांना हे अपमानाचं वाटतं आणि शेजाऱ्यांशी पहिलं भांडण यावरूनच होतं. पाटी आली की झाड, स्वच्छ झाड, शेजारची आजी त्या दिवसापासून तुला नावाने हाक मारेल. दुसरं म्हणजे खिडक्या. आपण उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत खिडक्या बंद करून कूलर लावणारी माणसं, तिकडे उलटं, कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. कुकरची वाफ, फोडणीचा धूर, ओले कपडे, हे सगळं बंद घरात राहिलं की थंड भिंतीवर ओल धरते आणि कपाटामागे काळी बुरशी येते, मग सोडताना मालक डिपॉझिटमधून कापतो. मालकांना मसाल्याच्या वासाची भीती असते म्हणतात ती बरीचशी या ओलीची असते. घर ताब्यात घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढ, ओरखडा न् ओरखडा लिहून दोघांच्या सह्यांचा कागद कर. भाडेकरूंची संघटना असते, मीटरफेराइन, वर्षाची थोडी वर्गणी भरली की करार वाचून देतात, डिपॉझिट अडलं तर कायद्याचा सल्ला देतात. ती वर्गणी वाचवू नको.

२०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्गशी, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्याच्याशी, कुशल कामगार पाठवायचा करार केला, तेव्हापासून मला अशी पत्रं जास्त येतात म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. दुसरीकडे जाणाऱ्यांनाही तेच सांगेन, फक्त नावं बदलतात. जपानला जाणाऱ्यांनी रेइकिन विचारून घ्या, ती मालकाला दिलेली भेट समजतात आणि परत मिळत नाही, आणि जामीन म्हणून बरेचदा एका कंपनीची फी भरावी लागते. दुबईत करार एजारीमध्ये, म्हणजे तिथल्या भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवलाय ना ते बघा, आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक मागतात तेव्हा खात्यात तेवढे पैसे राहतील असं बघूनच सही करा. इंग्लंडमध्ये मालक तुमच्या व्हिसाचा राहण्याचा हक्क तपासतो, तो त्याच्यावर कायद्याने आहे, अपमान समजू नका, आणि डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. पण न बघता पैसे नाहीत आणि नोंदीशिवाय राहणं नाही, हे सगळीकडे सारखंच.

आता घरच्यांचं. आईला घर पक्कं पाहिजे म्हणजे नेमकं काय पाहिजे ते तिला विचारलंस का? मला वाटतं तिला कागदावर लिहिलेला एक पत्ता पाहिजे, देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला, आणि तिथे रात्री दार लावून तिचं पोरगं झोपणार आहे एवढी खात्री. तात्पुरत्या जागेचं बुकिंग, त्याचा पत्ता, एचआरच्या बाईंचा फोन नंबर, त्या चुलत भावाचा नंबर, हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिला दे. तिचा जीव खाली पडेल. स्टुटगार्टच्या मधोमधच घर पाहिजे हा हट्ट तिचा नाहीये, तो तुझा आहे, आणि थोडा सासरच्यांसाठी आहे.

त्यांना खरं सांग. पहिले तीन महिने एका खोलीत राहीन, मग घर घेईन, घर बघायला जाईन तेव्हा तुमच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर सोबत घेईन, तिला आवडलं तरच सही करीन. मुलीशी तू हे बोललास का, हे पत्रात कुठेच नाही. सासरचे काय म्हणतील ते लिहिलंस, ती काय म्हणते ते नाही. राहणार तर तिथे ती आहे. कदाचित तिला शहराच्या मधोमध नकोच असेल, एसलिंगेन किंवा लुडविग्सबुर्गसारखं लोकलने जोडलेलं लहान गाव चालेल, जिथे भाडंही जरा हलकं असतं. आज रात्रीच तिला फोन कर.

त्या डॉक्टरला उत्तर देऊ नको, नाही असंही लिहू नको, नुसता ब्लॉक कर आणि त्या साइटवर जाहिरात रिपोर्ट कर, नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाचे बाबा बँकेत उभे असतील. आणि हे सगळं तुझ्या बाबांना सोमवारच्या आत वाचून दाखव.